स्लॉट मशीनवर चेरी आणि लिंबू कुठून आले? (जुन्या यंत्रांचा धागा)

उपद्व्यापी:
सध्या जुन्या मशिनी खोलून दुरुस्त करणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघायचा नाद लागलाय, त्यातून स्लॉट मशीनच्या (नाणं टाकून चाकं फिरवायचं जुगाराचं यंत्र) जन्माच्या भानगडीत शिरलो आणि आता बाहेर निघवत नाहीये. इथे आधी कोणी लिहिलंय का ते शोधलं, काही सापडलं नाही म्हणून हा धागा. जुगार वाईट की चांगला, कोणाचं घर कसं बुडालं वगैरे दुसरीकडे घ्या, इथे फक्त यंत्र आणि त्याचा सुरुवातीचा काळ, साधारण १८९० ते १९३५.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की हे यंत्र आज जसं दिसतं ना, फळं, 'बार'ची काळी पट्टी, तीन चाकं, ते घडवलंय कारागिरांनी कमी आणि कायद्याला हुलकावणी देणाऱ्यांनी जास्त. कसं ते सांगतो.

पहिलं नाव घ्यायचं ते ब्रुकलिनच्या सिटमन अँड पिट कंपनीचं, साल १८९१. त्यांच्या यंत्रात पाच ड्रम, त्यावर मिळून ५० पत्ते. निकेल टाकायचं (पाच सेंटचं नाणं), दांडा ओढायचा, ड्रम गरगर फिरून थांबले की समोर पोकरचा (पत्त्यांचा जुगार) हात, म्हणजे पाच पानांचा डाव, तयार. न्यूयॉर्कमधला जवळपास प्रत्येक बारवाला हे यंत्र काउंटरवर ठेवायला लागला. पण गंमत म्हणजे यंत्र एक दमडी परत देत नव्हतं! जोडी लागली तर बारवाला एक बिअर द्यायचा, मोठा हात लागला तर सिगार किंवा आणखी ड्रिंक्स, सगळं मालकाच्या मर्जीवर. आणि ५२ ऐवजी ५० पत्ते का, तर साधारणपणे इस्पिकची दश्शी आणि बदामचा गुलाम गायब केलेला असायचा. मालकाची सोय दुसरं काय.

मग येतो सॅन फ्रान्सिस्कोचा चार्ल्स फे. मूळचा जर्मनीतल्या बव्हेरियाचा, १८६२ चा जन्म, सोळा भावंडांतलं शेंडेफळ. यानं पत्त्यांचे पाच ड्रम काढून तीन चाकं ठेवली, प्रत्येक चाकावर दहा जागा, आणि चिन्हं मोजकीच: घोड्याचा नाल, चांदणी, चौकट, इस्पिक, बदाम आणि तडा गेलेली घंटा. तीन घंटा एका ओळीत आल्या की ५० सेंट, म्हणजे दहा निकेल, यंत्रातूनच खणखणत बाहेर. हेच ते लिबर्टी बेल. पुढचं जरा दमानं लिहितो, ऑफिसात आहे.

खुर्चीवाला:
खुर्ची टाकून बसलोय. येऊ द्या.

गणोबा:
छान विषय. ते दोन पत्ते काढण्याचं गणित जरा उकलून सांगतो, कारण वाटतं तेवढं साधं नाही.

खऱ्या पत्त्यांत पाच पानांचे हात होतात २५,९८,९६०. या यंत्रात प्रत्येक ड्रमवर दहाच पत्ते आणि प्रत्येक ड्रममधून एकच दिसणार, म्हणजे १० चा पाचवा घात, एक लाख. बस. इस्पिकची दश्शी नाही म्हणजे इस्पिकचा रॉयल फ्लश (एकाच चिन्हाचे एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी, सगळ्यात मोठा हात) बाद, बदामचा गुलाम नाही म्हणजे बदामचाही बाद. चारातले दोन रॉयल फ्लश खेळ सुरू व्हायच्या आधीच गेले! आता उरले किल्वर आणि चौकट, तर त्यातही एक्का आणि राजा एकाच ड्रमवर असतील तर ते दोघं एकदम कधीच दिसणार नाहीत, म्हणजे तेही गेले. थोडक्यात कुठला पत्ता कुठल्या ड्रमवर चिकटवायचा हे ज्याच्या हातात त्याच्या हातात सगळं. खेळणारा बिचारा समजतोय आपण पोकर खेळतोय.

नटबोल्ट:
उपद्व्यापी, लेख मस्त पण "कारागिरांनी कमी" या वाक्याला माझा कडाडून विरोध. मी आयुष्यभर टूलरूममध्ये घालवलंय, मला त्या यंत्राचं पोट बघून जे वाटतं ते सांगतो.

चाकं फिरवणं काहीच नाही हो, जत्रेतला माणूसही चाक फिरवतो. खरी मेख ही आहे की लोखंडाच्या यंत्राला कसं कळावं समोर काय लागलंय आणि किती नाणी टाकायची. वीज नाही, काही नाही, फक्त स्प्रिंगा आणि पट्ट्या. पोकरमध्ये जोडी, दोन जोड्या, तीन सारखी पानं, फ्लश (पाचही पानं एकाच चिन्हाची), एवढे प्रकार ओळखून पैसे मोजणारं यंत्र त्या काळी करणं म्हणजे डोकेफोड, म्हणूनच सिटमन-पिटवाल्यांनी तो भाग बारवाल्याच्या गळ्यात मारला. फे ची अक्कल ही की त्यानं प्रश्नच सोपा करून टाकला. पाचाची तीन चाकं केली, चिन्हं कमी केली, आणि मग यंत्राला ओळखता येईल इतकंच शिल्लक राहिलं.

या घंटावाल्या यंत्रांचं काम चालतं कसं बघा. नाणं आत गेलं की दांड्याची अडसर सुटते, नाणं नसेल तर दांडा नुसता हलतो. दांडा खाली ओढताना तुम्ही स्वतःच्या हातानं स्प्रिंग ताणता, म्हणजे यंत्राला लागणारी ताकद गिऱ्हाईकच देतं. शेवटाला आलं की स्प्रिंग सुटते, तिन्ही चाकांना एकदम लाथ बसते आणि ती फिरायला लागतात. इकडे घड्याळासारखी एक छोटी यंत्रणा सुरू झालेली असते, तिला हवा कापणारा पंखा लावलेला, त्यामुळे ती एका ठराविक वेगानं उलगडते आणि उलगडता उलगडता एकेक खटका पाडते. पहिलं चाक थांबलं, मग दुसरं, मग तिसरं. हा जो एकामागून एक थांबायचा प्रकार आहे ना, त्यातच सगळा जीव टांगणीला लागतो.

आता ओळखायचं कसं? प्रत्येक चाकाच्या बाजूला एक चकती, चाकाबरोबरच फिरणारी. चकतीला चिन्हाप्रमाणे खाचा किंवा भोकं. चाकं थांबली की पोलादी बोटं पुढे येऊन चकत्या चाचपतात. तिन्ही चकत्यांवर योग्य जागी भोक सापडलं तरच बोट पूर्ण आत जातं, आणि बोट आत गेलं तर खालची पट्टी सरकते. नाणी एका नळीत चवडीसारखी रचलेली असतात, पट्टीच्या जाडीत जितकी नाणी मावतील तितकीच खाली पडतात. मोजणी वगैरे नाही, पट्टीची जाडी हीच मोजणी! नळी भरली की वरची नाणी वाहून मालकाच्या पेटीत. एका बुटक्या पेटीत हे सगळं, आणि बारमध्ये दारुड्यांच्या हातची दणकादणकी सोसून वर्षानुवर्षं चालायचं. याला कायदा काय करणार? याला हात लागतात.

सोलकढी:
नटबोल्टकाका _/\_ असं कोणी कॉलेजात शिकवलं असतं तर.

बे_एरिया_बंड्या:
इथे सॅन फ्रान्सिस्कोत मार्केट स्ट्रीटवर ४०६ नंबरला फे च्या वर्कशॉपच्या जागी पाटी आहे, कॅलिफोर्नियाची ऐतिहासिक स्थळ क्रमांक ९३७. मी ऑफिसला जाताना त्याच बाजूनं जातो, लोक तिच्यावर पाय देऊन जातात अक्षरशः. त्या पाटीवर तीन चाकांच्या यंत्राचं साल १८९८ दिलंय. नेटवर मात्र कुठे १८८७, कुठे १८९५, कुठे १८९९. उपद्व्यापी, नक्की काय?

उपद्व्यापी:
बंड्या, हा घोळ सगळीकडे आहे. १८८७ तर सोडूनच द्या, फे १८८५ ला सॅन फ्रान्सिस्कोत आला आणि नंतर बरीच वर्षं इलेक्ट्रिकल सामान बनवणाऱ्या कंपनीत नोकरी करत होता. १८९५ ला त्याचं ४-११-४४ नावाचं यंत्र आलं, पण ते वेगळं, ते चाकांवर आकडे असलेलं, त्या काळच्या लॉटरीवरून घेतलेलं. १८९८ ला कार्ड बेल, तीन चाकं आणि आपोआप पैसे देणारं, पण चिन्हं पत्त्यांची. त्याच्यावरच घंटा आणि नाल चढवून पुढच्या वर्षी लिबर्टी बेल. म्हणजे पाटी पण बरोबर आणि १८९९ वाले पण बरोबर, दोघं वेगवेगळ्या यंत्राबद्दल बोलतायत. (१८८७ वरून आठवलं, आपल्या मुंबई प्रांताचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. योगायोग हो, बाकी काही नाही.)

आता नटबोल्टकाका, तुमचा मुद्दा मान्य, यंत्राचं पोट कारागिराचंच. पण मला सांगा, इतकं भारी यंत्र बनवलेला माणूस ते विकत का नव्हता? फे नं लिबर्टी बेल विकलं नाही, भाड्यानं लावलं, बारवाल्याशी निम्मा-निम्मा गल्ला. कारण पेटंटाचा आधारच नव्हता. १८९७ ला कॅलिफोर्नियातच एक खटला झाला, शुल्त्झे विरुद्ध होल्ट्झ. गुस्ताव शुल्त्झे हा फे च्या आधीपासून आपोआप पैसे देणारी यंत्रं करणारा, १८९३ चं त्याचं हॉर्सशू नावाचं यंत्र होतं. आणि थिओडोर होल्ट्झ हा फे चा जुना सहकारी आणि भागीदार. शुल्त्झेचं म्हणणं माझ्या नाणं परत देण्याच्या कळीचं पेटंट होल्ट्झनं मोडलं. कोर्ट म्हणालं ही कळ फक्त जुगारालाच उपयोगी, म्हणजे समाजाला उपयोगाची नाही, म्हणजे पेटंटच रद्द! त्याच वर्षी तिथल्याच आणखी एका खटल्यात पत्त्यांच्या यंत्राचीही हीच गत झाली.

म्हणजे बघा, चोरी झाली तर कोर्टात जायची सोय नाही. मग माणूस काय करणार, यंत्र आपल्या ताब्यात ठेवणार आणि दुसऱ्याला पोट उघडू देणार नाही. तरी चोरी झालीच. १९०५ ला पॉवेल स्ट्रीटवरच्या एका बारमधून एक लिबर्टी बेल उचललं गेलं. आणि थोड्याच काळात शिकागोच्या मिल्स नॉव्हेल्टी कंपनीनं आपलं लिबर्टी बेल बाजारात आणलं, नाव पण तेच! लाज ना लज्जा.

खटपट्या:
आयला, म्हणजे मिल्सवाल्यांनीच उचललं?

उपद्व्यापी:
उचललं कोणी हे सिद्ध नाही, पण शिकागोला पोचलं एवढं सगळेच सांगतात. आणि फे चं दुर्दैव बघा, १८ एप्रिल १९०६ ला सॅन फ्रान्सिस्कोचा तो मोठा भूकंप आणि मागून आग, त्यात त्याचं वर्कशॉप गेलं. लिबर्टी बेल आता बोटावर मोजण्याइतकीच शिल्लक. त्याच्या नातवांनी नेवाडात रीनोला एक हॉटेल-बार चालवला १९५८ पासून २००६ पर्यंत, तिथे आजोबांचं यंत्र मांडून ठेवलं होतं.

गणोबा:
मिल्सनं नुसती नक्कल नाही केली, सुधारणा (कोणाची ते विचारू नका) पण केली. दहाऐवजी वीस जागा केल्या चाकावर. दहाच्या हिशेबानं एकूण शक्यता १,०००. वीस केल्या की ८,०००. आठपट! चाक दिसायला जवळजवळ तेवढंच, खेळणाऱ्याला वाटतं तसंच यंत्र आहे, आणि मालकाला मोठं बक्षीस कितीही दुर्मिळ करता येतं. वर खिडकी मोठी केली, म्हणजे मधल्या ओळीच्या वरची आणि खालची चिन्हं पण दिसतात. तिसरी घंटा एक घर वर राहिली की माणूस "हुकलं रे थोडक्यात" म्हणून परत खिशात हात घालतो. गणितात थोडक्यात हुकलं असं काही नसतं, हुकलं म्हणजे हुकलं.

बिनधास्त_बाबू:
ते सगळं ठीक पण टायटलमधल्या चेरी-लिंबाचं काय झालं? दोन तास वाट बघतोय.

उपद्व्यापी:
आलो आलो.

१९०९ ला सॅन फ्रान्सिस्कोनं स्लॉट मशिनी बंद केल्या, १९१० ला नेवाडानं जुगारच बंद केला (हो, लास व्हेगासवाल्या नेवाडानं!), १९११ ला अख्ख्या कॅलिफोर्नियात बंदी. आता कारखान्यात यंत्रं पडून, ऑर्डरी थांबलेल्या. मग डोकं चाललं: हे जुगाराचं यंत्र नाहीच मुळी, हे च्युइंगगम विकायचं यंत्र आहे! निकेल टाका, दांडा ओढा, गमची पुडी घ्या. आता चाकं फिरली आणि वर काही बक्षीस मिळालं तर तो आपला ग्राहकांसाठी बोनस. गमचे स्वाद काय, तर चेरी, संत्रं, प्लम, लिंबू. म्हणून चाकावर फळं. आणि बेल-फ्रूट गम कंपनीच्या पुडीवर जो आडवा लेबलसारखा शिक्का होता तोच हळूहळू नुसता काळा बार झाला. आज कुठल्याही कॅसिनोत तीन बार लागले की लोक नाचतात, त्यांना माहीत पण नाही की आपण गमच्या जाहिरातीवर नाचतोय. ब्रिटिश लोक तर अजून याला फ्रूट मशीनच म्हणतात.

मिल्सनं १९१० च्या सुमाराला फळं आपल्या यंत्रावर घेतली आणि मग ती कायमची चिकटली. गम गेला, कायदे दहा वेळा बदलले, फळं तिथेच. म्हणून म्हटलं, चेहरा कायद्यानं दिला.

कुडाळची_पोर:
मला हे फार आवडलं. पण कोर्टाला हे पटायचं? म्हणजे जज लोक काय दूधखुळे होते का, गम कोण पाच सेंटला घेतं.

उपद्व्यापी:
नाही पटायचं बऱ्याचदा, म्हणून पुढची आयडिया तर याहून इरसाल. यंत्रावर एक छोटी खिडकी ठेवली, त्यात आधीच दिसणार की या खेळीला तुम्हाला काय मिळणार. नुसती गमची पुडी, किंवा पुडी आणि चार नाणी. मग वकील कोर्टात छाती ठोकून सांगणार, साहेब, काय मिळणार हे गिऱ्हाईकाला आधीच माहीत आहे, मग नशिबाचा खेळ कुठे आला? आणि जज म्हणायचे, बाबा रे, तो आत्ताच्या पुडीसाठी पैसे टाकत नाहीये, पुढच्या वेळी खिडकीत काय उमटेल त्यासाठी टाकतोय. कुठे वकील जिंकायचा कुठे जज. खटला चालू असेपर्यंत यंत्र दुकानात गल्ला गोळा करतंय ते वेगळंच.

नाण्याऐवजी टोकन द्यायचा प्रकार पण असाच. टोकन म्हणजे पैसे नव्हेत, ते फक्त याच दुकानात ड्रिंकला किंवा सिगारला चालणार. यात फे नं पुन्हा डोकं लावलं, टोकनला मध्ये भोक ठेवलं आणि आत एक पिन, जी भोक चाचपते. भोक असलं तर टोकन, नसलं तर खरं नाणं, दोन्हीची वाट वेगळी. नटबोल्टकाका, हे तुमच्या खात्यात जमा.

नटबोल्ट:
झालं जमा. पण आता तुम्हीच बघा, कायद्यानं अडवलं आणि कारागिरानं वाट काढली, म्हणजे शेवटी काम कोणाचं? मी काही हटणार नाही.

रतनवाडीकर:
आपल्याकडचा मटका पण असाच, तो पण न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावरून सुरू झाला, त्यावर

खटपट्या:
मटक्यासाठी वेगळा धागा काढा राव, हा पण दोनशे प्रतिसादांवर जाऊन भरकटेल.

सोलकढी:
अवांतर थोडंसं चालेल ना, पण हे विषयाशी लागून आहे. आमच्या गोव्यात हीच उलटी गंगा. १९७६ चा जुगारबंदी कायदा होता, त्यात १९९२ ला दुरुस्ती करून आधी पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशिनींना परवानगी दिली, आणि १९९६ ला मग बोटीवर पत्त्यांचे वगैरे टेबल खेळ. म्हणजे आमच्याकडे पण पहिलं आत आलं ते यंत्रच, माणूस पत्ते वाटतोय ते जुगार वाटतं आणि यंत्र असलं की "इलेक्ट्रॉनिक करमणूक". उपद्व्यापींच्या खिडकीवाल्या वकिलासारखंच झालं की हे.

गणोबा:
आणि महाराष्ट्रानं १९७६ लाच कॅसिनोचा कायदा करून ठेवला होता, तो एक दिवस अमलात आणला नाही, आणि २०२३ ला रद्द केला. आमचा कारभारच न्यारा.

मावशीबोळ:
लहानपणी स्टेशनवर वजनाचं मशीन असायचं, रंगीत दिवे लागायचे, नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं तिकीट, एका बाजूला वजन आणि मागे भविष्य. ते याचंच चुलत भावंडं म्हणायचं का?

नटबोल्ट:
अगदी. नाणं टाकून चालणाऱ्या यंत्रांचं घराणं एकच. १८८० च्या दशकात लंडन-न्यूयॉर्कला पोस्टकार्डं विकणारी आणि वजन करणारी नाण्याची यंत्रं आली, नाणं खरं की खोटं ओळखायच्या युक्त्या, नळ्या, अडसरी, सगळं तिथे आधी तयार झालं. जुगारवाल्यांनी ते तयार उचललं आणि पुढे चाकं लावली.

बिनधास्त_बाबू:
आणि त्या हातोडीवाल्या मेयरचा फोटो कोणी टाकला नाही अजून?

बे_एरिया_बंड्या:
ला गार्डिया. १९३४, न्यूयॉर्क. त्याच्या आधी दारूबंदीचा काळ, चोरून चालणाऱ्या बारमध्ये ही यंत्रं धो धो पैसे देत होती आणि शहरातला मोठा धंदा फ्रँक कॉस्टेलो या गुंडाच्या हातात होता. ला गार्डिया मेयर झाला आणि त्यानं यंत्रं जप्त करून कॅमेऱ्यासमोर स्वतः घण घालून फोडली, मग बार्जवर लादून समुद्रात नेऊन बुडवली. कॉस्टेलोनं काय केलं, उरलेला धंदा उचलून लुइझियानात न्यू ऑर्लीन्सला नेला, तिथल्या सेनेटर ह्युई लाँगची साथ होती. आणि तिकडे नेवाडानं १९३१ ला जुगार परत कायदेशीर करून टाकला होता. एकाच देशात एकीकडे घण आणि एकीकडे लायसन्स.

कुडाळची_पोर:
शेवटचा प्रश्न, लोक याला फसवायचे का? म्हणजे यंत्राला.

नटबोल्ट:
अहो फसवायचे म्हणजे काय, तोच अर्धा इतिहास आहे. नाण्याच्या मापाची शिशाची चकती टाकायची, नाणं दोऱ्याला बांधून टाकायचं आणि वर ओढायचं, पेटीला बारीक भोक पाडून आत तार घालून चकती अडवायची. मिल्सनं त्यावर काय केलं, टाकलेली शेवटची काही नाणी यंत्राच्या वरच्या काचेमागून ओळीनं सरकत जाताना दिसतील अशी सोय केली. म्हणजे कोणी खोटी चकती टाकली की बारवाल्याला काउंटरवरून नुसतं मान वळवून दिसणार.

पण माझा आवडता प्रकार वेगळा. १९४० च्या दशकाच्या शेवटाला (धाग्याच्या हद्दीबाहेर आहे, चालवून घ्या) नेवाडात काही लोक काहीही खोटं न टाकता जिंकायला लागले. त्यांना कळलं की ते घड्याळ, तो पंखा, दर वेळी तितकाच वेळ घेतो, मग चाकं आत्ता कुठे थांबलीयत ते बघून, मनात ठेका धरून, ठराविक क्षणाला दांडा ओढला तर हवं ते चाक हव्या जागी थांबवता येतं. तासन् तास सराव करून बसायचे. ना चकती ना तार, नुसता ताल! कंपन्यांना धावाधाव करून घड्याळात एक जादा पुर्जा बसवावा लागला, जो चाकं फिरण्याचा वेळ दर वेळी थोडा इकडेतिकडे करतो.

उपद्व्यापी:
काका यावर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो.

नटबोल्ट:
काढतो रविवारी. त्या पुर्ज्याचं चित्र हातानं काढावं लागेल, नातवाकडून स्कॅन करून घेतो.